डोंगराच्या धारेवर जावयाचा मान

आमच्या सासरी जावयाच्या पुढे कोणी चालत नाही.

लग्नात हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. डोंबिवलीत मी चाळीच्या नळावरसुद्धा सगळ्यांच्या मागे असायचो, आणि इथे भिवंडीजवळ, मानकोलीच्या या जमीनजुमलेवाल्या घरात, मी घास घेतल्याशिवाय पंगत हलत नव्हती! हा मान डोंगरावरही लागू असतो, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं.

सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. भिवंडीत धामणकर नाक्यामागे त्यांचे कापड विणायचे लूम होते. उंच, धोतर-टोपीतला, मोजकं बोलणारा माणूस. मुलगी एका कारकुनाला दिली, ती दोन खोल्यांत राहते, याबद्दल ते मला कधीच काही बोलले नाहीत. (तसे ते कशाबद्दलच काही बोलले नव्हते. 'या' आणि 'जेवा' एवढ्यावर आमचं नातं चाललं होतं.) या माणसाने मला एकदा तरी आपलं म्हणावं, एवढ्या एकाच इच्छेने मी ऐंशीच्या दशकातल्या त्या दिवाळसणाला गेलो.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ते सगळं घर देवीच्या डोंगराला प्रदक्षिणा घालतं. अकलोलीच्या पल्याड डोंगर आहे. पुढच्या सोंडेवरून चढायचं, माथ्यावर देवीला नारळ द्यायचा आणि पलीकडच्या धारेवरून उतरून गोल पुरा करायचा. आल्या वाटेने परतायचं नाही. मी नवीन पँट घालून निघालो.

माथ्यापर्यंत ठीक होतं. नारळ फुटला, प्रसाद वाटला, आणि समोर ती धार दिसली. धार म्हणजे अगदी धारच. बैलगाडीच्या जुवाएवढा रुंद कातळ, डावीकडे दरी, उजवीकडे दरी, आणि खालून वर येणारा वारा. मी अदबीने बाजूला झालो आणि मेहुण्याला, जगूला, म्हटलं की वाट तुझ्या पायाखालची आहे, तू हो पुढे.

सासूबाईंनी घाबऱ्या चेहऱ्याने माझ्या बायकोकडे पाहिलं. जावई रुसला की काय, दिवाळसणाचा आहेर कमी पडला की काय, अशी कुजबुज मागपर्यंत गेली.

"तुमीच फुडं व्हा, दाजी," जगू म्हणाला. "तुमचा मान हाय."

आल्या वाटेनं परत गेलं तर, असं मी सहज विचारून पाहिलं. प्रदक्षिणा उलटी फिरत न्हाय, असं मला तितक्याच सहज सांगण्यात आलं.

मी निघालो. मागे अण्णा, त्यांच्यामागे सुलभा, म्हणजे माझी बायको, आणि मग सगळं घर. मधोमध पोचलो तेव्हा माझ्या बुटाखालून एक खडा सुटला. तो खाली पडल्याचा आवाज मी बराच वेळ वाट पाहूनही आला नाही. मग मी खाली बसलो.

जावई बसला म्हणून सगळे थांबले. वारा सुटला होता, तरी कुणी 'उठा' म्हणेना. शेवटी जगूने दबक्या आवाजात आईला विचारलं की दाजींना चक्कर आली का. (जन्मभर लूमच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाचा दबका आवाज. खालच्या पाड्यातलं एक कुत्रं भुंकलं.)

आता अब्रूचा प्रश्न होता. मी दोन्ही हातांनी कातळ पकडला आणि मान न वळवता जाहीर केलं की इथून पुढे मी बसूनच जाणार आहे. माझा नवस आहे.

"कुनासाटी?" अण्णांनी विचारलं. त्यांनी मला विचारलेला तो पहिला प्रश्न.

"तुमच्या मुलीसाठी," मी म्हणालो.

सुलभाला एकदम खोकला आला. सासूबाईंनी हात जोडले. आणि मग मागे जे घडलं ते मी वळून पाहू शकलो नाही, नुसतं ऐकलं. धोतर आवरल्याचा आवाज, बांगड्या, एक सुस्कारा. जावई आपल्या पोरीसाठी बसून जाणार आणि आपण उभ्याने कसं जायचं? अख्खं घर बसलं! दोन्हीकडे पाय सोडून, हातांवर जोर देत, आम्ही कातळावरून पुढे सरकू लागलो. मागून दुसऱ्या गावची माणसं येत होती, असं जगूने नंतर सांगितलं. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, आपसात काही विचारलं आणि तीही बसली.

खाली उतरेपर्यंत माझी पँट बसायच्या जागी उरली नव्हती. संध्याकाळी अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात आम्ही पुरुषमंडळी उतरलो. पाणी खरचटलेल्या जागी असं झोंबत होतं की बोलायची सोय नव्हती. बाकीचे बाहेर पडले. अण्णा माझ्याशेजारी सरकले.

"त्या जागंवर माजं पाय दरवर्सी कापतान," ते पाण्याकडे बघत म्हणाले. "घरातला मोटा मी. बसनार कसा? आज तुमी बसलात, मी सुटलो."

मी म्हणणार होतो की नवस-बिवस काही नव्हता. पण त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "फुडल्या साली पन नवस ऱ्हाऊ द्या, बाबा."

'बाबा' ते फक्त जगूला म्हणत. मी पाण्यात तोंड बुचकळलं.

त्यानंतर दर दिवाळीला माझा नवस असे. मी पुढे, अण्णा मागे, दोघेही बसून. घरात तो रिवाजच झाला, आणि आपण बसून का जातो ते लहान मुलं आम्हालाच समजावून सांगू लागली.

नव्वदचं दशक संपता संपता अण्णा गेले. त्या दिवाळीला आम्ही तरीही निघालो. धारेशी आल्यावर सगळे माझ्याकडे बघत राहिले. मागे आता सांभाळायला कुणाची अब्रू नव्हती, मला उभ्याने जाता आलं असतं. मी बसलो. सासूबाईंना वाटलं, अण्णांसाठी बसले. जगूचे डोळे भरून आले. सगळे पाठोपाठ बसले आणि मुकाट्याने सरकत पलीकडे आले.

पलीकडे सपाटीवर पोचून मी मागे पाहिलं. धोतर झटकत उठणारं कुणी नव्हतं. तिथे मी मोठ्याने रडलो. खरं तर रडू मला मधोमधच आलं होतं, पण डोळे पुसायला कातळावरचा हात सोडावा लागला असता.