दाजींची बारा पावलं

दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आणि मी पाणीपुरवठ्याच्या तलावावर एकाच टोळीत होतो. काठचा लव्हाळा विळ्याने कापायचा, दाताळ्याने बाहेर ओढायचा. प्रत्येकाला काठ वाटून दिलेला. दाजी आपल्या काठातली शेवटची बारा पावलं दरवर्षी मुद्दाम सोडायचे.

तिथे टाचण्या होत्या, चतुरासारखेच पण सुईसारखे बारीक कीटक. चतुर पंख पसरून बसतो, टाचणी बहुधा मिटून, हे मला त्यांनीच शिकवलं. मादी देठाला चीर पाडून आत अंडी घालते. कधी देठ धरून अख्खी पाण्याखाली उतरते. पिल्लं पाण्यातच शिकार करून वाढतात. पंख फुटले की आयुष्य जेमतेम दोन-तीन आठवड्यांचं. डबा खाताना दाजी हे सांगायचे आणि टोळी हसायची. टाचणी दिसली की कुणीतरी म्हणायचंच, ‘आली बघा दाजींची लेक.’ दाजींना मूल नव्हतं. तेही हसायचे.

मला ते अर्धवट काम डाचायचं. ताईच्या नवऱ्याला कुणी कामचुकार म्हणावं, हे खपत नव्हतं. एकदा दाजी पाठदुखीने आठवडाभर घरी होते आणि साहेब पाहणीला यायचे होते. मला कुणी सांगितलं नव्हतं. माझा काठ आटोपून मी त्यांचा घेतला. कमरेएवढ्या पाण्यात उतरून बारा पावलं मुळापासून काढली. एक काडी ठेवली नाही. साहेबांनी तिकडे पाहिलंही नाही.

दोन दिवसांनी दाजी आले. ढिगाऱ्यापाशी थांबले.

“कुणी केलं?”

“मीच. तुम्हाला बोल लागू नये म्हणून.”

“साफ केलंत, मेव्हणे.”

टोमणा असता तर बरं झालं असतं. तो नव्हता.

मग ते ढिगाच्या तळातले ओले देठ निवडून पाण्यात नेऊन ठेवू लागले. एक हात पाठीवर, दुसऱ्या हातात दहा-बारा देठ. मी म्हणालो, आता काय उपयोग, कशाला जीव काढता. काही जगतील, एवढंच ते म्हणाले.

मी दाताळं उचलून माझ्या काठाला गेलो.

पुढच्या वर्षी तिथे एकही टाचणी आली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. दाजींनी तो विषय कधी काढला नाही. आता ते नाहीत.

ते देठ निवडून पाण्यात ठेवणं, दोघांनी मिळून तासाभराचं काम होतं. माझी पाठ तेव्हा ठणठणीत होती.