यकृताचे कान

जेवणानंतर प्रयोगशाळेतच डुलकी काढायची माझी जुनी खोड आहे. टाकीतल्या पंपाची बुडबुड ऐकत मी वहीवर गाल टेकवते. वहीत तीन नर तिलापिया माशांवर आत्ताच काट मारली आहे. या प्रयोगात त्यांना इस्ट्रोजेन, म्हणजे मादीचं संप्रेरक, दिलं नव्हतं, तरी त्यांच्या यकृतात ते ओळखणारे ग्राही मादीसारखे भरलेले. हे तिघे वगळले की आलेख सरळ आणि प्रबंध उद्या रवाना. पाच वर्षं झाली, आता माझ्यात दम नाही.

"सरक जरा," केरकरबाई म्हणतात.

या माझ्या मार्गदर्शक. जाऊन दोन वर्षं झाली, पण पदर तसाच खोचलेला. त्या बसतात तो मासळीबाजारातला ओटा आहे आणि मला त्याचं काहीच वाटत नाही. बाई एक मासा उचलतात, पोटावरून अंगठा फिरवतात. "नर." हे त्या कोळणींकडून शिकल्या आणि सगळ्यांना अभिमानाने सांगायच्या. चूक सापडली तेव्हा स्वतःचा छापून आलेला निबंधही त्यांनी मागे घेतला होता. असं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

"बाई, हे नर बिघडलेत."

"मासा बिघडत नाही गं. हाक कुणी मारली ते शोध."

वर्गातही हेच सांगायच्या. संप्रेरक हाक मारतं, ग्राही ऐकतो, आणि एकदा हाक ऐकली की यकृताला आणखी कान फुटतात.

ओट्याभोवती टाकीचं पाणी घोट्यापर्यंत आलं आहे.

"यांचे मणी कुठे?" बाई विचारतात.

मला मान वर करवत नाही. संप्रेरक दिलेल्या माशाच्या पाठीत लाल मणी ओवायचा आणि तो मासा पुन्हा तुलनेला घ्यायचा नाही, हा त्यांचा नियम.

"मीच काढले. नवे नर मिळेनात, म्हणून हेच पुन्हा घेतले. पण महिनाभर साध्या पाण्यात होते हो!"

"महिन्याभरात तू मला विसरलीस?"

"नाही."

"मग यकृत कसं बरं विसरेल?" बाई हसतात. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

पंप बुडबुडतो आहे. मी डोकं उचलते तर गालात काहीतरी रुतलेलं. लाल मणी, दोरा अजून ओला. ते तर मी कधीच कचऱ्यात टाकले होते.

मी मणी वहीवर ठेवते आणि काट मारलेल्या तीन ओळींखाली लिहिते : वगळू नयेत. यांनी हाक आधीच ऐकली होती. चूक माझी. प्रयोग पुन्हा.