भाजावळ आणि गोबरगॅस

शेतकीची पदवी घेऊन मी घरी आलो तेव्हा आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच होतो. साल ऐंशीच्या पुढचं. वडील मुंबईला नोकरीला, शिमग्याला आणि गणपतीला येणार. घरची शेती आईच्या अंगावर. भात लावून, काजू वेचून तिनेच मला शिकवलं. तेव्हा शिकलेलं आधी तिच्या उपयोगी पडावं, असं मला मनापासून वाटत होतं.

आम्हाला एकात्मिक शेती शिकवलेली. गाईचं शेण गॅसच्या टाकीत, गॅस स्वयंपाकाला, टाकीतून बाहेर येणारी स्लरी भाजीला आणि माडांना, भाजीचा पालापाचोळा पुन्हा गाईला. घरातलं काही वाया जायचं नाही. हे सगळं मी आईला पडवीत बसवून समजावलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आणि ह्यात मी कुठं?"

"तू चुलीपासून सुटलीस."

ती हसली. पण पावसाळ्याचे चार महिने ओल्या लाकडांच्या धुरात तिचे डोळे कसे चुरचुरत ते मी लहानपणापासून बघत होतो. मला ती चूल विझवायची होती. बाकीचं सगळं त्याच्या मागून.

सरकारी योजनेतून टाकी मंजूर झाली. गवंडी लांज्याहून आला. गॅस साठवायची लोखंडी टोपी ट्रकने रस्त्यापर्यंत आली, तिथून वाडीतल्या आठजणांनी ती बांबूंवर घालून आणली. शेजारची काकी खळ्यात उभी होती. तिच्या जिभेला अख्खी वाडी भिऊन असे.

"पालखी कुठल्या देवाची रे?" ती म्हणाली. "नारळ फोडू की नको?"

दिवाळीआधी शेगडी पेटली. आईने निळ्या ज्योतीकडे बराच वेळ पाहिलं, मग वाकून शेगडीच्या खाली पाहिलं. धूर कुठं दडलाय ते शोधत असावी. त्या दिवशी तिने उगाचच तीनदा चहा केला.

मग भात कापून झालं आणि गुरं सुटली.

आमच्याकडे ही रीतच आहे. शेतात पीक नाही, मग दावं कशाला? कापणीनंतर वाडीतली सगळी गुरं सकाळी मोकळी सोडायची, संध्याकाळी ती आपली आपण घरी येतात. पुस्तकातली गाय गोठ्यात उभी असते. आमच्या दोन गाई आणि बैलजोडी दिवसभर कातळाचे उघडे सडे हिंडून, साऱ्या गावाला शेण वाटून, रिकाम्या पोटाने परत येत. चार दिवसांत ज्योत मिणमिणायला लागली.

मी गुरं बांधून घातली. बांधली म्हणजे चारा आला. त्यासाठी मी पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाला हिरवं गवत लावलेलंच होतं. वाडीच्या सुटलेल्या गुरांनी ते दोन दुपारीत फस्त केलं आणि माझ्या गाई गोठ्यातून ते बघत हंबरत राहिल्या. कुंपण घालावं तर पाण्यावर जायची गुरांची वाट तिथूनच. ती अडवली असती तर वाडीने मलाच वाळीत टाकलं असतं. शेवटी गुरं सोडली आणि पाटी घेऊन त्यांच्या मागून निघालो.

काकी बांधावरून ओरडली, "वयनी, तुझा पोरगा हुशार हो! एवढं शिकला, आता शेण ओळखायला लागला!"

वेचून तरी किती मिळणार? एका सकाळी शेगडी पेटेचना. आई चुलीकडे वळली, आणि मला ते बघवेना. गोठ्यामागे आईने पावसाळ्यापासून साठवलेला सुक्या शेणाचा ढीग होता. त्यातलं चार पाट्या शेण भिजवून मी टाकीत ढकललं. ज्योत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी आणखी दोन पाट्या. आई खूश, मी खूश. असं फाल्गुनापर्यंत चाललं.

तो ढीग भाजावळीचा होता. आमच्याकडे भाताची रोपं, म्हणजे तरवा, करायच्या जागेवर उन्हाळ्यात शेण, झाडांचा तोडलेला पाला, गवत, वर माती असे थर देऊन जाळतात. त्या भाजलेल्या जमिनीत भात पेरलं की रोप जोमाने येतं. हे मला माहीत होतं. त्यावर नुकसानकारक प्रथा म्हणून मी परीक्षेत टीप लिहिलेली, गुणही चांगले मिळालेले.

पाला तोडून झाल्यावर आई पाटी घेऊन गोठ्यामागे गेली आणि रिकामीच परत आली.

"ढीग कुठं गेला?"

"टाकीत."

"सगळा?"

"तळाला थोडा आहे."

ती पायरीवर बसली. "अरे, वर्षाचा तांदूळ तो. तरवा नाय तर लावायचं काय? तुझा गॅस पेटेल, वर टोपात काय घालू?"

मी म्हणालो, स्लरी आहे, जाळायची गरजच नाही. त्यातला खरा विश्वास किती आणि लाज किती, ते आज सांगता येणार नाही. उरल्या शेणात अर्धी जागा भाजली. उरलेल्या अर्ध्यात मी स्लरी घालून पेरलं.

पाऊस पडल्यावर माझी बाजू आईच्या बाजूपेक्षा हिरवी दिसू लागली. मी आनंदाने बांधावर उभा राहिलो. आई वाकली, दोन काड्या उपटून तिने माझ्या हातावर ठेवल्या. एक भात, एक तण. पुढच्या दहा-बारा काड्यांत भात तीनच. भाजल्याने तणाचं बी मरतं, हे उत्तर माझ्या टिपेत नव्हतं. आम्ही दोघं पाच दिवस पावसात तण काढत होतो, आणि त्यात बरीच रोपंही उपटली गेली.

लावणीला दोन कोपरे रिकामे राहिले. तरवा मागायला आईने मलाच पाठवलं, आणि तेही काकीकडे.

"सायबांचा तरवा संपला?" काकीने विचारलं.

"संपला, काकी. चूक झाली."

तिने आपल्या तरव्याकडे हात केला. "ने," ती म्हणाली. "पण उद्या माझ्या लावणीला यायचं. आईला घेऊन."

दुसऱ्या दिवशी तिच्या शेतात बायांच्या ओळीत मी एकटा बाप्या. माझी वाकडी ओळ बघून हसून हसून कुणाला लावणी सुचेना. त्या गडबडीत आई काकीला म्हणाली, "गो, तुझ्याकडे सात गुरं. भाजावळ होऊन तुझं शेण उरतं ना?"

"उरतं. खड्ड्यात कुजतं."

"ते आमच्या टाकीत घाल. टाकीतलं पाणी तुझ्या माडांना ने. माझं शेण मी भाजावळीला ठेवते. ह्याला हात लावू देणार नाय."

काकीने कंबर सरळ केली. "म्हणजे शेण माझं नि गॅस तुझा?"

"चहा तुझा."

"दोन वेळचा," काकी म्हणाली, आणि तरव्याची पुढची मूठ माझ्याकडे फेकली. "सरळ लाव रे मेल्या, भात हाय ते."