अर्धी मात्रा उशीर

अनंतमास्तर गेल्याला महिना होत आला. बातमी माझ्या जुन्या जोडीदाराने, बंडाने आणली. "मास्तर गेलं," एवढंच म्हणाला आणि आत न येता जिन्यावरच बसला. मला रडू आलं नाही. राग आला... तो अजून आहे.

मुंबईच्या हॉटेलांत सॅक्सोफोन वाजवून मास्तर साठच्या दशकात कोल्हापूरला परतले, ते डोक्यात जाझ घेऊनच. नाच, गाणी, नकला असा एक कार्यक्रम त्यांनी बांधला आणि कोरसला घेतलं आम्हा चौघांना, शाहिरामागं उभं राहून 'जी जी' अशी झील धरणाऱ्यांना. सराव एका तालमीच्या माडीवर चाले. खाली पैलवानांचे शड्डू, वर सॅक्सोफोन. पहिल्याच दिवशी मास्तर वैतागले. आमचा आवाज ठेक्याच्या अर्धी मात्रा मागून येत होता. बंडा भडकला, "आमी उशिरा न्हाय येत मास्तर, तुमचा बाजाच घाई करतोय की!" मास्तरांनी पुन्हा वाजवून पाहिलं आणि हसत सुटले. "अरे, हेच तर मला हवंय!" मग सगळा कार्यक्रम त्या उशिरावरच उभा राहिला. डाव्या हाताची करंगळी वर धरून ते आम्हाला अडवायचे. ती खाली आली की आम्ही सुटायचो. गाव नुसतं वेडं झालं होतं.

मग मुंबईचं बोलावणं आलं. आम्ही कोट शिवून घेतले. निघायच्या आदल्या दिवशी मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तिथं नोटेशन वाचणारा कोरस देताहेत. तुम्ही पुढच्या खेपेला या." त्या मंडळींनी ठेका अगदी वेळेवर पकडला आणि कार्यक्रम झोपला. मास्तर परतले. पुढं वर्षानुवर्षं भेटत राहिले, चहा पाजत राहिले, पण त्या गोष्टीबद्दल चकार शब्द नाही. "आज म्हणतील की, चुकलं म्हणून," असं म्हणत बंडा दर वेळी वाट बघायचा.

शोकसभेत मुंबईच्या पाहुण्यांनी त्याच उशिराचं तोंडभरून कौतुक केलं. परदेशी रेकॉर्डी ऐकून मास्तरांनी तो शोधला म्हणे! आम्ही मागच्या रांगेत होतो. शेवटी प्रार्थनेसाठी सगळे उभे राहिले आणि बंडाची करंगळी आपोआप वर गेली... आम्ही थांबलो. ती खाली आली तसे चौघेही एकदम उठलो, अर्धी मात्रा मागून. पुढचे लोक वळून बघू लागले.

प्रार्थना संपल्यावर एक बाई कळवळून म्हणाल्या, "वय झालं हो तुमचं, उशीर होतो आता."

"आमाला न्हाय, बाई," बंडा म्हणाला. "मास्तरांस्नी झाला."