बाईंना चूक कोण म्हणणार

शिरूरच्या एसटी स्टँडमागं, एका मोबाइलच्या दुकानावर शिक्षक पात्रता परीक्षेचा क्लास आहे. जिना लोखंडी, अरुंद. चढताना सगळाच्या सगळा हलतो. शाळा सुटली की शिक्रापूरच्या चौकात ट्रकांच्या रांगेत अडकून, धूर खाऊन मी तिथं पोचायचे तेव्हा पाय माझे नसायचे. मी दारात दिसले की शिकवणारे सर हातातला खडू खाली ठेवायचे. "या बाई," म्हणायचे. भिंतीजवळची गादीची खुर्ची स्वतःच्या रुमालानं पुसायचे. बाकीची सगळी मंडळी बाकांवर, मी एकटी खुर्चीवर.

कारण हे सर माझेच विद्यार्थी. पहिलीत असताना त्याचा हात हातात धरून मी त्याला अ गिरवायला लावला होता. आता तो फळ्यापाशी उभा आणि मी समोर.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली शिक्षिका. वीस वर्षं कधीच उलटून गेली. मध्यंतरी कोर्टाचा निकाल आला की जुन्या शिक्षकांनीही ही परीक्षा पास व्हायची. दिलेल्या मुदतीत नाही झालात तर घरी बसा. ज्यांच्या निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलीत त्यांना सूट. आमचे हेडमास्तर त्या सवलतीत बसले. तेव्हापासून अभ्यास कसा करावा हे ते आम्हाला रोज सांगतात.

"पहाटे उठायचं बाई. पहाटेचं डोक्यात राहतं."

"सर, पहाटे डबे असतात."

"मग डबे करता करता पाठ करा."

घरी मुलगी बारावीला. ती आतल्या खोलीत तिची पुस्तकं घेऊन, मी स्वयंपाकघरात माझी. "आई, तू नापास झालीस तर मला बोलायचं नाही हं," असं ती हसत म्हणायची. मीही हसायचे. पण भाकरी थापताना हात थांबायचा.

मला नापास व्हायची सवय नाही, हे आधी सांगते. आमचं घर पाटसच्या बाजूचं. वडील, म्हणजे आबा, दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणाकडं उतरायचे. आई पोरं-कोंबड्या घोड्यावर लादून मागोमाग. मी तेवढी आत्याकडं राहिले, कारण मला शाळा सोडायची नव्हती. पुढं दौंडच्या कॉलेजातून बी.ए. झाले. आमच्या वस्तीवरची पहिली पदवी माझी. पदवीचा फोटो आबांनी बिरोबाच्या तसबिरीशेजारी लावलाय. पाहुणा आला की आधी देव दाखवतात, मग फोटो. हे सांगायला मी लाजत नाही. लाजायचं ते काय?

परीक्षेचं आबांना सांगितलं.

"तुजी परीक्षा झाली न्हवं मागंच?"

"झाली आबा. आता परत द्यायचीय."

"म्हंजी आत घेताना मोजल्यालं मेंढरू परत भायेर काढून मोजायचं व्हय?"

"तसंच."

"मग ह्यो मोजणाराच इसराळू दिसतोय."

शिकत राहायला माझी ना नाही. नोकरीत प्रशिक्षणं काय कमी झाली? दर वेळी पद्धतीचं नाव नवं. केंद्रशाळेच्या हॉलमध्ये सतरंज्या, गट पाडायचे, गटांना नद्यांची नावं द्यायची. मी भीमा होते, घोड होते, दोनदा तर इंद्रायणी होते. मग मोठ्या कागदावर स्केचपेननं मुद्दे, एक टाळ्यांचा खेळ, चहा. शेवटी मोबाइलवर चाचणी; तिची उत्तरं चाचणीच्या आधीच ग्रुपवर आलेली. परत आलं की वर्ग तोच. दुसरी इयत्ता. निम्मी पोरं गावची, निम्मी कंपन्यांत कामाला आलेल्यांची. कुणाच्या घरी हिंदी, कुणाच्या घरी मला नाव न सांगता येणारी बोली. दुपारची खिचडी, ऑनलाइन माहिती, मतदारयादीचं काम, आणि मधे जमलंच तर शिकवणं. संध्याकाळी कुणी विचारलं की आज काय शिकवलं, तर क्षणभर आठवायचंच नाही.

तर त्या क्लासात माझं बरं चाललंय असं मला वाटत होतं. सर प्रश्न वाचायचे, चार पर्याय सांगायचे, एकेकाला उठवायचे. चुकलं की झाडायचे. "हे वाचून आलात का एसटीत झोपून आलात?" मला मात्र कधी उठवायचे नाहीत. मीच कधी उत्तर दिलं की मान डोलवायचे. "बाईंचा अनुभव बोलतोय हा," म्हणायचे आणि पुढच्या प्रश्नाकडं जायचे. सराव पेपरचे गुण सगळ्यांचे मोठ्यानं वाचायचे. माझा पेपर घडी घालून हळूच हातात द्यायचे, वर गुणांऐवजी "छान बाई" लिहिलेलं. मी स्टाफरूममध्ये सांगत होते, काही अवघड नाही हो, माझं फारसं चुकतच नाही.

पुण्याच्या केंद्रावर परीक्षा दिली. निकाल आला तेव्हा मी व्हरांड्यात खिचडी वाढली जात होती तिथं उभी होते. मोबाइलवर नंबर टाकला. अनुत्तीर्ण. पोरं ताटं पुढं करत होती. "मॅडम, और थोडा." मी वाढत राहिले. हेडमास्तरांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि पहिल्यांदाच पहाटेबद्दल काही बोलले नाहीत.

मुदतीतली एक संधी गेली होती. दुसरी परीक्षा लागायची होती. ती गेली तर पुढं काय, याचा विचार मी एसटीच्या खिडकीशी बसून करायचे आणि रांजणगाव कधी गेलं ते कळायचं नाही.

खरी गोष्ट कळली ती क्लासखालच्या चहाच्या टपरीवर. आमच्यात एक मुलगी आहे, कंपनीत दिवसपाळी करून येते. अंगावर कंपनीचा शर्ट तसाच असतो. चहाचा कप हातात फिरवत म्हणाली, "बाई, एक बोलू? राग न्हाई ना येणार?"

"बोल की."

"सर तुम्हाला कवाच चूक म्हणत न्हाईत."

"माझं चुकत नसेल."

"चुकतंय बाई." ती खाली बघत म्हणाली. "तुम्ही आन् मी परवा सेम उत्तर दिलं. मला म्हणले, डोकं कुठंय तुझं. तुम्हाला म्हणले, अनुभव. आमाला वाटायचं, बाईंना समदं येतंय, त्या नुसत्या मन रमवायला येत्यात."

मन रमवायला! दिवसभर उभं राहून, धूर खाऊन, मी मन रमवायला येत होते. कप तिथंच ठेवला आणि जिना चढले.

वर तो एकटाच फळा पुसत होता.

"तू मला चूक का म्हणत नाहीस रे?"

"बाई, आसं काय..."

"सरळ सांग. माझं चुकत होतं का नव्हतं?"

तो पुसलेलाच फळा पुन्हा पुसायला लागला. "गणितात लई चुकत होतं, बाई."

"मग?"

"जीभ रेटत न्हाई. गुरुपौर्णिमेला तुमच्या पाया पडायचं आन् संध्याकाळी तुमालाच समद्यांपुढं उभं करायचं? आईच्या कानावर गेलं तर चप्पल काढंल ती."

"माझी नोकरी गेली तर पाया पडायला दुसरी बाई कुठनं आणशील?"

त्यानं डस्टर खाली ठेवलं. आमच्याकडं ही रीतच आहे. मास्तर आयुष्यभर मास्तर राहतो; पोरगं तहसीलदार झालं तरी बाजारात बाई दिसल्या की पिशवी त्यांच्या हातातून काढून घेतं. या मानावर मी इतकी वर्षं जगले. वढूला समाधीच्या दर्शनाला गेले तरी गर्दीतून कुणीतरी "बाई" म्हणून वाकतं आणि माझा शीण जातो. त्याच मानानं मला नापास केलं होतं.

जाताना एवढंच म्हणाले, "उद्यापासून खुर्ची नको. बाक दे. आणि पहिला प्रश्न मला."

दुसऱ्या दिवशी खुर्ची जिन्याखाली गेली होती, तिच्यावर दुकानातलं मांजर झोपलं होतं. मी बाकावर बसले, त्या कंपनीच्या मुलीशेजारी. सरांनी प्रश्न वाचला. शेकडेवारीचा. मी उठले, उत्तर दिलं. त्यानं घाम पुसला. मग माझ्याकडं पाठ केली, फळ्याकडं तोंड केलं आणि फळ्याला म्हणाला, "हे चूक आहे."

सगळा वर्ग हसला. मीही हसले, काय करणार. पण मग ती वहिवाटच पडली. माझं चुकलं की सर वळायचे आणि फळ्याला सांगायचे. बरोबर आलं की समोर बघून सांगायचे. तो नुसता हलला तरी शेजारची मुलगी कुजबुजायची, "बाई, वळले बघा." किती वेळा वळला म्हणून सांगू! दुसरीला शिकवता शिकवता अपूर्णांक माझ्या हातून कधी निसटले ते मला कळलंच नव्हतं. घरी मुलीकडून शिकले. "आई, लसावि विसरलीस?" असं म्हणून तिनं कपाळाला हात लावला, पण शिकवलं, आणि तिला चूक म्हणायला जराही जड गेलं नाही.

एका प्रश्नावर मात्र मी अडले. वर्गातल्या मुलाची घरची भाषा वेगळी आहे; शिक्षकानं काय करावं? मी उठून ठणकावून सांगितलं, "त्याच्याशी मराठीतच बोलावं. कानावर पडेल तशी येते." मेंढरांमागं जाणाऱ्या घरातून येऊन पुस्तकी मराठी शिकलेली मी. मला कोण सांगणार?

तो वळायला लागला. अर्धा वळला आणि थांबला. परत फिरून माझ्याकडं बघत म्हणाला, "चूक."

वर्गात कुणी हसलं नाही.

"चूक कशी? इतकी वर्षं मी हेच करतेय."

"पोराला त्याच्या भाषेत बोलू द्यायचं बाई. त्यातनंच मराठी आणायची. पर्याय क."

"पर्याय लिहिणाऱ्याला माझ्या वर्गात पाठव एकदा."

"पाठवतो. पन उत्तर क-च हाय." त्यानं फळ्यावर क लिहिला. "बसा बाई."

मी बसले. रागानं कान तापले होते. त्या रात्रीचं जेवणही गोड लागलं नाही.

सकाळी वर्गात गेले ती पुस्तकाला खोटं पाडायचंच असं ठरवून. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, तिचे वडील बिहारमधून आलेत, पत्र्याच्या खोल्यांत राहतात. मैदानावर तिची जीभ थांबत नाही, वर्गात मात्र फक्त "यस मॅडम". तिला अवघडायला नको म्हणून मी तिला प्रश्नच विचारायचे नाही. मी बाजाराचं चित्र भिंतीला लावलं आणि म्हटलं, "तुम्हारे घर जैसा बोलते, वैसा बताओ." पोरीनं आधी इकडंतिकडं बघितलं. मग जे सुटली! मला निम्मं कळलं नाही. तिच्या चाळीतला एक पोरगा मराठीत सांगत गेला. "मॅडम, ती म्हनती, बकरीला दोरीच न्हाई. पळून जाईल."

चित्राजवळ जाऊन बघितलं. खरंच, बकरीला दावं नव्हतं. हे चित्र मी वर्षानुवर्षं लावतेय. मेंढरं राखणाऱ्याची मुलगी मी, आणि माझ्या ते ध्यानात आलं नव्हतं. गावची पोरं लगेच भांडायला लागली, दावं म्हणायचं की दोरी. त्या भांडणात ती मुलगी पण होती, आणि तिच्या तोंडात "दावं" आलं होतं. 

पर्याय क. मुकाट्यानं मानलं. माझी पद्धत दुसऱ्या दिवशी बदलली असं मात्र म्हणणार नाही. चार दिवस जमतं, मग माहिती भरायचा मेसेज येतो आणि आपण जुन्याच वाटेनं चालायला लागतो. पण न विचारलेल्या मुलाला कसं वाटतं, ते आता मला माहीत आहे. गादीच्या खुर्चीवर बसून कळलं.

दुसरी परीक्षा झाली. निकालाच्या दिवशी मी मोबाइल उघडलाच नाही. क्लासात गेले आणि नंबर त्याच्या हातात दिला. त्यानं नंबर टाकला. मी त्याच्या पायांकडं बघत होते. वळतो का ते बघत होते.

तो वळला नाही.

"पास हायत बाई," म्हणाला. मग तोंडावरच म्हणाला, "पन काठावर. गणित अजून कच्चं हाय तुमचं."

"आहे," मी म्हटलं.

तेवढ्यावर तो पाया पडायला वाकला. मी त्याला वाकू दिलं, कारण मला त्या वेळी बसायचं होतं आणि त्याच्या खांद्याचा आधार बरा होता. शेजारची मुलगी पिशवीतून पेढे काढायला लागली, ती निकालाआधीच घेऊन आली होती. पर्समध्ये मोबाइल वाजला. केंद्रशाळेच्या ग्रुपवर मेसेज: नवीन प्रशिक्षण, लिंकवर नोंदणी करावी, नाव नेहमीप्रमाणे नवं. मोबाइल परत आत टाकला. आधी आबांना फोन लावायचा होता, मेंढरू मोजून परत आत घेतलं म्हणून.