रविवार दुपारचा लूक

चार माणसं वर्षभर एकच पुस्तक वाचायला बसली, की पुस्तक संपतं आणि किस्से उरतात! आमचं तसंच झालं. स्वातंत्र्यानंतरची ती वर्षं. धुळ्यात आमचे पाळकसाहेब रविवारी उपासनेनंतर घरीच लूकचं शुभवर्तमान शिकवायचे. मी तेव्हा नवीनच शिक्षिका झाले होते. पेटी वाजवायला म्हणून गेले, ती तिथलीच झाले.

* * *

पाचवा अध्याय चालला होता. चौघांनी घराचं छप्पर, आमच्याकडचं मातीचं धाबंच म्हणा, उकललं आणि आजारी मित्राला येशूपुढे खाली सोडलं. पाळकसाहेब त्यांच्या विश्वासावर अगदी रंगून बोलत होते. तेवढ्यात पिंपळनेरकडच्या भागाबाईंनी विचारलं, "आन मंग ते धाबं कोनी नीट करं?"

पाळकसाहेब थबकले. "ते लूकनं लिहिलेलं नाही, भागाबाई."

"घरवालीले इचारं नही त्यास्नी!"

आम्ही पोट धरून हसलो. पाळकसाहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी हळूच विचारलं, "तुमचं धाबं गळतंय का?" गळत होतं. दोन पावसाळे.

शनिवारी पाळकसाहेब भागाबाईंच्या धाब्यावर! धोतर खोचलेलं, कोपरापर्यंत पांढरी माती. खालून कुणीतरी ओरडलं, "साहेब, हे काय?"

"लूकची राहिलेली ओळ लिहितोय!"

* * *

यशवंत मास्तर म्हणजे नुसता उत्साह. येशूनं शिष्यांना पिशवी नको, वहाणा नकोत, असं सांगून गावोगाव पाठवलं, हे त्यांनी वाचलं मात्र, लगेच भर मे महिन्यात अनवाणी निघाले सुवार्ता सांगायला! पुढच्या गावाहून बैलगाडीत घालून आणावं लागलं. तळपायांना हे एवढाले फोड!

आमच्यातल्या सोनाबाई दवाखान्यात नर्स. पट्टी बांधता बांधता म्हणाल्या, "मास्तर, लूक स्वतः डॉक्टर होता. तुम्हाला बघून त्यानं ती ओळच खोडली असती!"

* * *

मार्था आणि मरीयेचा धडा. मार्था स्वयंपाकात राबते, मरीया येशूच्या पायाशी ऐकत बसते. त्या दिवशी पाळकसाहेबांच्या बायको रूथबाई पहिल्यांदाच पुढे येऊन बसल्या, मांडी घालून. अर्धा तास झाला, पाऊण झाला. साहेब स्वयंपाकघराकडे बघायला लागले.

"रूथ... चहा?"

"आज मी मरीया आहे!"

साहेब मुकाट्यानं उठले. घरभर धूर झाला. चहा आला. वर्गातल्या दानियेल नानांनी एक घोट घेतला आणि बशी खाली ठेवली. "पाळकसाहेब, मार्थेला परत बोलवा!"

"येईल की," रूथबाई म्हणाल्या. "पण कपबश्या पुरुषांनी विसळायच्या!" तेव्हापासून नाना दर रविवारी कपबश्या विसळत, आणि विसळताना मार्थेच्या नावानं पुटपुटत.

* * *

हे दानियेल नाना म्हणजे करारी माणूस. त्यांची एकुलती एक लीला. तिनं जातीबाहेर, धर्माबाहेर लग्न केलं आणि भडगावला गेली. त्या दिवसापासून नानांच्या घरात तिचं नाव घ्यायची सोय नव्हती.

पंधराव्या अध्यायात उधळ्या मुलाचा धडा आला. बापाचा पैसा उडवून मुलगा घरी परततो, आणि बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो. नाना तावातावानं म्हणाले, "बापच चुकला! धावत काय गेला? आधी माफी मागू द्यायची होती."

पाळकसाहेबांनी शांतपणे विचारलं, "पण नाना, मुलगा लांब होता, तरी बापाला दिसला कसा?"

नानांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणायचो. वर्गात त्या कधी तोंड उघडत नसत. त्या दिवशी बोलल्या.

"रोज वाटेवर जाऊन उभा राहत असेल. हे नाही का, रोज संध्याकाळी एस. टी. स्टँडवर जातात, भडगावची गाडी यायच्या वेळेला. म्हणतात, पेपर आणायला जातो." वर म्हणाल्या, "पेपर तर सकाळीच घरी येतो!"

कुणी हसलं नाही. नानांनी चष्मा काढला, पुसला, घातला. परत काढला.

मग म्हणाले, "भडगावला जाणारी गाडी कधी आहे?"

अक्कांनी बाकाखालून कापडी पिशवी ओढली. वर बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, पुडा डोकावत होता.

"आहे आत्ता. चला."

नाना बघतच राहिले. "तू पिशवी भरून आणलीस? तुला काय ठाऊक, मी...?"

"गेल्या रविवारी साहेब म्हणाले होते ना," अक्का पदर सावरत म्हणाल्या, "पुढचा अध्याय पंधरावा!"