अध्यक्षांच्या गालातला खर्रा

माझी मोठी बहीण पुनम हिला लहानपणापासून फार कमी ऐकू येतं. समोरच्याचे ओठ बघून ती बोलणं ओळखते. तशीच डीएड झाली. सेनगावकडच्या एका खाजगी शाळेत तिची मुलाखत होती, म्हणून मी सोबत गेलो.

संस्थेच्या अध्यक्षांच्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. त्यांनी प्रश्न विचारला की नुसतं गुरगुरले, ते माझ्या धडधाकट कानांनाही कळलं नाही.

ताई म्हणाली, "सर, खर्रा थुंकून विचारता का? ओठ दिसले की सांगते."

साहेबांना राग आला. खिडकीतून पचकन थुंकले आणि तिला सोडून मला म्हणाले, "बहिरी बाई पोरं काय सांभाळीन? शिवणकाम शिकव म्हणा हिला."

"आता बराबर समजलं," ताई म्हणाली. "विचारा प्रश्न."

साहेबांनी बेल मारून पुढच्या उमेदवाराला बोलावलं. न ऐकणारा माणूस शाळेला चालतो, फक्त तो अध्यक्ष पाहिजे!

स्टँडवर मी तोंड फिरवून साहेबांना शिव्या घालत होतो. ताईने माझी हनुवटी धरून वळवली.

"तिकडं तोंड करून काहून देतोस? इकडं बघून दे, मलाबी पाहिजेत. अन् मग औंढ्याच्या शाळेत जागा हाय का ते इचार."